बॉयलरची खोली: आधी हवेचा हिशेब, मग भिंतीचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर गरम ठेवायला आणि नळाला गरम पाणी यावं म्हणून २४ किलोवॅटचा, भिंतीवर टांगायचा गॅस बॉयलर घ्यायचा आहे. स्वयंपाकघराला लागून असलेली अडगळीची खोली त्यासाठी रिकामी करताय. खोली १.८ मीटर लांब, १.४ मीटर रुंद, उंची २.४ मीटर, बाहेरच्या भिंतीला एक छोटी खिडकी, पलीकडे झोपायची खोली. गॅस सध्या सिलिंडरचा, पुढेमागे पाइपचा येईल. बसवणारा माणूस ‘खोली तयार ठेवा’ एवढंच म्हणून गेला. तयार ठेवायची म्हणजे काय करायचं, आणि वॉशिंग मशीन, कपडे वाळवायचा ड्रायर आणि रंगाचे डबे तिथेच राहिले तर चालेल का, हे तुम्हाला हवंय.

वीसेक वर्षं मी बॉयलर बसवतो आणि दुसऱ्यांनी बसवलेले दुरुस्त करतो. तक्रार आली की बॉयलरचं झाकण उघडण्याआधी मी खोलीत एक चक्कर मारतो, कारण बऱ्याचदा दुखणं तिथेच सापडतं. खोली हा बॉयलरचाच एक भाग आहे, फक्त तो कारखान्यातून येत नाही, तुम्हाला बनवावा लागतो. म्हणून उत्तर लांबलंय.

गवंड्याला बोलवायच्या आधी एक गोष्ट पक्की करा: तुमचा बॉयलर ज्वलनासाठी हवा कुठून घेणार? गॅस बॉयलर दोन तऱ्हेचे असतात. एक, खोलीतली हवा घेऊन धूर चिमणीत सोडणारा. दुसरा, बंद ज्वलनकक्षाचा, ज्याला एकात एक असे दोन पाइप असतात. बाहेरच्या पाइपातून हवा आत येते, आतल्यातून धूर बाहेर जातो आणि खोलीतल्या हवेशी त्याचा संबंधच येत नाही. दुकानात दोन्ही पांढऱ्या पेट्याच दिसतात. खोली कशी तयार करायची हे मात्र या निवडीने पार बदलतं.

हिशेब करून दाखवतो. २४ किलोवॅटचा बॉयलर पूर्ण जोरावर चालला तर तासाला साधारण अडीच घनमीटर पाइपचा गॅस जाळतो. एक घनमीटर गॅस जळायला जवळजवळ दहा घनमीटर हवा लागते. ज्वलन पुरं व्हावं म्हणून थोडी जास्त धरायची, म्हणजे तासाला तीसेक घनमीटर. सिलिंडरच्या गॅसलाही तेवढ्या उष्णतेमागे जवळपास तेवढीच हवा लागते. तुमची खोली सगळी मिळून ६ घनमीटरची. म्हणजे दार-खिडकी लावून बसलात तर बारा मिनिटांत बॉयलरने खोलीभर हवा खाल्ली. हवा अपुरी पडली म्हणून ज्योत विझत नाही, हीच खरी अडचण. ती पिवळी, लांबट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं. माणसाला वाटतं थंडीताप येतोय, म्हणून तो खिडकी लावून पांघरूण घेऊन झोपतो.

खोलीतली हवा घेणारा बॉयलर वेगळा झरोका न ठेवता बसवायचा, तर दर किलोवॅटला साधारण ४.८ घनमीटर मोकळी जागा हवी, असा एक प्रचलित हिशेब आहे. २४ किलोवॅटला ११५ घनमीटर झाले, तुमच्या खोलीच्या एकोणीस पट. तेव्हा झरोके आलेच. कपाटासारख्या लहान जागेत थेट बाहेर उघडणारे दोन झरोके धरतात: खालच्याला दर किलोवॅटमागे १० चौरस सेंटिमीटर, वरच्याला ५. म्हणजे तुम्हाला खाली २४० आणि वर १२०. खालचा झरोका साधारण साडेपंधरा सेंटिमीटरचा चौकोन झाला. पण हे मोकळं क्षेत्रफळ आहे. बाजारात मिळणाऱ्या जाळीच्या पट्ट्या त्यातला मोठा हिस्सा खातात, म्हणून भिंतीतलं भोक त्याहून मोठं पाडावं लागतं. आणि डासांची बारीक जाळी तिथे लावू नका. धूळ आणि कपड्यांची लव अडकून ती एका मोसमात बुजते. पाच ते दहा मिलिमीटर फटीची साधी पट्ट्यांची जाळी बरी. तुमच्याकडचा कायदा आणि बॉयलरचं मॅन्युअल वेगळे आकडे सांगत असतील तर ते पाळा. मी आकडे देतोय ते भोक किती मोठं लागतं याचा अंदाज यावा म्हणून.

झरोक्याबद्दल एवढं लिहितोय त्याला कारण आहे. एका घरी ‘बॉयलर सारखा बंद पडतो’ म्हणून गेलो होतो. खोलीत शिरलो तर काचेवर दव, भिंतीला बुरशी, आणि बॉयलरच्या वरच्या कडेला रंग करपून तपकिरी झालेला. असा डाग दिसला की धूर चिमणीत न जाता खोलीत परततोय हे समजायचं. खालचा झरोका शोधला तर त्यात जुनी गोधडी गच्च कोंबलेली. ‘पायाला गार वारं लागतं ना’, घरातल्या आजी म्हणाल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्या भोकाचं काम त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. धूर मागे फिरला की बॉयलर बंद करणारा सेन्सर त्यात असतो, तो इमानाने काम करत होता. आधीचा दुरुस्तीवाला मात्र ‘सेन्सर खराब’ म्हणून तो बदलून गेला होता. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. तेव्हापासून मी झरोक्याशेजारी पक्क्या शाईने लिहूनच येतो: ‘हे बुजवू नका’.

दुसरा गुन्हेगार स्वयंपाकघरातला. चुलीवरचा ताकदवान एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतो, ती कुठून तरी भरून निघणारच. सगळ्यात सोपी वाट चिमणीतून उलटी सापडली तर धूर खाली ओढला जातो. ड्रायरची नळी बाहेर सोडलेली असेल तर त्याचंही हेच. तुमची खोली स्वयंपाकघराला लागून आहे आणि ड्रायर त्याच खोलीत, म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढ.

म्हणून माझं मत सरळ आहे. इतक्या लहान खोलीत, झोपायच्या खोलीला खेटून, बंद ज्वलनकक्षाचाच बॉयलर घ्या. खोलीतल्या हवेचा प्रश्न मुळातून मिटतो. तरीही खोली डबाबंद करू नका. गॅसची एखादी जोडणी गळली तर तो बाहेर जायला वाट हवी आणि बॉयलरच्या अंगाची ऊबही कोंडून राहता कामा नये. किती झरोका लागतो ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

आता धुराचा पाइप. बंद ज्वलनकक्षाच्या घरगुती बॉयलरला बहुधा आतला ६० आणि बाहेरचा १०० मिलिमीटर व्यासाचा जोडपाइप लागतो. त्यासाठी भिंतीला ११० ते १२५ मिलिमीटरचं गोल भोक पाडावं लागतं, आणि ते कोअर कटिंगच्या मशीननेच पाडा. छिन्नी-हातोड्याने पाडलेलं भोक आतून हवं तेवढं आणि बाहेरून पपईएवढं होतं. मग ते भरताना सिमेंट पाइपाभोवती दाबून बसतं आणि पुढे पाइप काढता येत नाही. भोकाचा उतार हा गवंड्याशी होणाऱ्या वादाचा ठरलेला विषय. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून तो सवयीने बाहेरच्या बाजूला उतार देतो. कंडेन्सिंग बॉयलरला (धूर थंड करून त्यातल्या वाफेची उष्णताही वापरणाऱ्या) बहुतेक वेळा नेमका उलटा लागतो: पाइप बॉयलरच्या बाजूला उतरता, मीटरला साधारण ५ सेंटिमीटर. कारण धुरातली वाफ पाइपात थंड होऊन पाणी होते आणि ते पाणी परत बॉयलरच्या ट्रॅपमध्ये (पाणी साठून वायू अडवणाऱ्या वळणात) यायला हवं. उतार बाहेर दिला तर ते तोंडाशी ठिबकत राहतं, भिंतीवर ओघळ येतात, कडाक्याच्या थंडीत त्याचे सुळे लोंबतात. पावसाची काळजी पाइपाचं टोक घेतं, ते तसंच बनवलेलं असतं.

ते टोक बाहेर कुठे निघतं ते स्वतः बाहेर उभं राहून बघा. उघडणाऱ्या खिडकीपासून, झरोक्यापासून किमान ३० सेंटिमीटर लांब हा सर्वसाधारण नियम, पण जागा असेल तर मी याहून बरंच लांब नेतो. कंडेन्सिंग बॉयलरचा धूर थंड आणि ओला असतो, तो वर न जाता भिंतीला घासत रेंगाळतो. तुमची छोटी खिडकी त्याच भिंतीत आहे. टोक तिच्या खाली किंवा अगदी शेजारी येत असेल तर ती कायमची बंद करा, नाहीतर टोकाची जागा बदला. शेजाऱ्याच्या खिडकीचाही विचार आताच करा. पाइप बसल्यावर सुरू झालेलं भांडण लवकर मिटत नाही.

कंडेन्सिंग म्हटलं की पाणी आलं. पाइपच्या गॅसचा धूर ५५ अंशांच्या आसपास थंड झाला की त्यातली वाफ पाणी व्हायला लागते आणि बॉयलर तीच उष्णता कमावतो. तुमच्या आकाराचा बॉयलर जोरात चालला तर तासाला दोन लिटरच्या आसपास पाणी गाळतो, आणि ते साधं नसतं. त्याचा पीएच ३ ते ५, म्हणजे चांगलंच आम्लधर्मी. तांब्याचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप ते हळूहळू खातं, सिमेंटच्या जमिनीलाही खड्डे पाडतं. त्याला प्लास्टिकचाच पाइप द्या, मीटरला साडेचार-पाच सेंटिमीटर उतार, आणि शक्य तेवढा घराच्या आतून ड्रेनपर्यंत न्या. बाहेरून न्यावाच लागला तर ३२ मिलिमीटरचा जाड घ्या आणि वर उष्णतारोधक नळी चढवा. थंड प्रदेशात हा पाइप गोठतो, पाणी मागे तुंबतं आणि बॉयलर बंद पडतो. तेही ज्या रात्री सगळ्यात जास्त गरज असते त्याच रात्री. वॉशिंग मशीनच्या ड्रेनला हा पाइप जोडता येतो, मध्ये पाण्याचा ट्रॅप मात्र हवा. तुमची मशीन तिथेच असल्याने हे काम सोपं आहे.

भिंतीकडे येऊ. भिंतीवरच्या बॉयलरचं वजन ३० ते ४० किलो, वर पाणी आणि पाइपांची ओढ. फार नाही वाटत. पण पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधे प्लास्टिकचे प्लग ठोकून टांगलेला बॉयलर मी पाहिलाय, एका बाजूने सेंटिमीटरभर खाली उतरलेला. बघणाऱ्याला वाटेल, जरा तिरका आहे, त्यात काय. त्या सेंटिमीटरने धुराच्या पाइपाचा सांधा वरच्या अंगाला उघडला होता. बोट फिरवल्यावर गरम, ओली हवा लागली. विटांची भरीव भिंत असेल तर नेहमीचे अँकर बोल्ट पुरतात. पोकळ ब्लॉक असेल तर आरपार बोल्ट आणि पलीकडे पट्टी, नाहीतर जाळीच्या नळीत भरायचा केमिकल अँकर. जिप्समच्या पार्टिशनवर टांगायचंच असेल तर आतल्या उभ्या चौकटीला धरून आडवा आधार द्या, तोही बोर्ड लावण्याआधी. आणि झोपायच्या खोलीची सामाईक भिंत टाळा. पंपाची घरघर भिंतीतून जाते. दिवसा जाणवत नाही, रात्री उशाशी ऐकू येते. बाहेरच्या भिंतीवर टांगलात तर धुराचा पाइपही आखूड होतो.

बॉयलरच्या खोक्यात बहुधा एक मोठा कागदी साचा येतो. बोल्ट कुठे, धुराचं भोक कुठे, गॅस-पाण्याचे पाच पाइप कुठे, सगळं त्यावर खऱ्या मापात छापलेलं असतं. बहुतेक घरांत तो खोक्यासोबत रद्दीत जातो. तो आधी मागून घ्या, ओळंबा लावून भिंतीवर चिकटवा आणि मगच इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि टाइल्सवाला यांना खोलीत सोडा. बॉयलरसमोर ६० ते ७० सेंटिमीटर मोकळी जागा, खाली पाइप, वॉल्व्ह आणि फिल्टरसाठी तीसेक सेंटिमीटर, वर धुराच्या पाइपाच्या वळणापुरती जागा ठेवा. बाजूंना किती ते मॉडेलवर आहे. काही जण दिसायला छान म्हणून त्याला कपाटात बंद करतात. दहा वर्षांनी पंप बदलायला येणारा माणूस हात कुठून घालेल, एवढा एकच प्रश्न त्या कपाटाला विचारा.

जमीन पाण्याने न खराब होणारी, खोलीत एक ड्रेन. आणि इथे सिलिंडरच्या गॅसची गोम आहे. पाइपचा नैसर्गिक गॅस हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, गळला तर छताला जातो. सिलिंडरच्या गॅसमधला प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. तो पाण्यासारखा खाली उतरतो, उंबऱ्याशी साचतो आणि उघड्या ड्रेनमध्ये शिरतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून तो गॅस वापरणारा बॉयलर तळघरात नको, आणि खोलीतल्या ड्रेनला पाण्याचा ट्रॅप हवाच. न वापरलेला ट्रॅप वाळून जातो, महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतत जा. झरोका जमिनीलगत असला तरच अशा गॅसला बाहेरची वाट मिळते. सिलिंडर खोलीत ठेवायचेच नाहीत, बाहेर, उघड्यावर, ड्रेनच्या झाकणापासून लांब.

जाता जाता: २४ किलोवॅटचा बॉयलर पूर्ण जोरावर तासाला साधारण २ किलो सिलिंडरचा गॅस ओढतो. घरगुती आकाराच्या एका सिलिंडरातून एवढा गॅस सलग निघत नाही. सिलिंडरच्या अंगावर दव येतं, मग बर्फ धरतो, दाब पडतो आणि बॉयलर विझतो. आत गॅस शिल्लक असतानाच. सिलिंडरांची जोडणी किती आणि कशी लागेल हे पुरवठादाराला आताच विचारून घ्या. पुढे पाइपचा गॅस आला की बॉयलरची जेट (गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या) किंवा सेटिंग बदलावी लागतात. ते काम परवानाधारकाकडूनच करून घ्या, आणि त्याच दिवशी गॅस डिटेक्टरची जागाही बदला. सिलिंडरच्या गॅससाठी तो जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत लागतो, पाइपच्या गॅससाठी छतापासून ३० सेंटिमीटरच्या आत.

गॅसचा पाइप भिंतीतून जाताना मोठ्या व्यासाच्या नळीतून जाऊ द्या, थेट सिमेंटमध्ये गाडू नका. ती नळी घराच्या आतल्या बाजूला भरून घ्यायची आणि बाहेरच्या बाजूला उघडी ठेवायची, म्हणजे गळती बाहेर जाते. बंद करायचा वॉल्व्ह बॉयलरजवळ एक आणि खोलीबाहेर, घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेल्या जागी एक. जोडणीची तपासणी साबणाच्या पाण्याने. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत, त्यांना खोलीत शिरू देऊ नका.

पाण्याच्या बाजूला एकच गोष्ट खोलीच्या तयारीत मोडते. ती लोक विसरतात: सेफ्टी वॉल्व्हचा पाइप. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ८० वर गेलं की जवळपास ३ लिटरने फुगतं. हे फुगलेलं पाणी बॉयलरमधल्या एक्सपान्शन टाकीने सामावून घ्यायचं असतं. ती निकामी झाली तर दाब चढतो आणि ३ बारला सेफ्टी वॉल्व्ह उघडतो. बाहेर येणारं पाणी पोळणारं असतं. त्याचा पाइप धातूचा, उतरता, आणि तोंड जमिनीकडे, कुणाच्या अंगावर उडणार नाही पण ठिबकलं तर दिसेल अशा जागी. मी एका ठिकाणी त्या तोंडाला बूच मारलेलं पाहिलंय, ‘सारखं गळायचं म्हणून’. तिथून मी बॉयलर बंद करून, गॅसचा वॉल्व्ह फिरवून, मगच मालकाशी बोललो.

विजेचं फारसं नाही. बॉयलरला शे-दीडशे वॅट लागतात, पण लाइन स्वतंत्र हवी, स्वतःच्या एमसीबीची (जादा भार आला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळली की पडणारा स्विच) आणि खऱ्या अर्थिंगची. ज्योत आहे की नाही हे बॉयलर ज्योतीतून वाहणाऱ्या काही मायक्रोअँपिअरच्या प्रवाहावरून ओळखतो. अर्थिंग नावापुरतं असेल किंवा फेज-न्यूट्रल उलटे असतील तर काही मॉडेल पेटतात आणि पाच सेकंदांत विझतात. मग लोक गॅसवाल्याला बोलावतात. सॉकेट बॉयलरच्या बरोबर खाली नको, पाणी गळलं तर सरळ त्यात. इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर शुद्ध साइन वेव्हचा, नाहीतर पंप गुणगुणत तापतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि गॅसगळतीचा डिटेक्टर ही दोन वेगळी यंत्रं आहेत, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच जड, म्हणून त्याच्या अलार्मची जागा वेगळी: बॉयलरपासून आडव्या अंतरात १ ते ३ मीटर, छताला लावला तर भिंतीपासून ३० सेंटिमीटर आत, भिंतीला लावला तर दार-खिडकीच्या वर पण छताच्या १५ सेंटिमीटर खाली. झोपायच्या खोलीत आणखी एक लावा, तुमच्या मांडणीत तो जास्त महत्त्वाचा. ‘अलार्म लगेच वाजत नाही’ अशी तक्रार येते. तो तसाच बनवलेला असतो. ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तो तासाभराहून जास्त वेळ घेतो, ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजतो, कारण तो वायूचं प्रमाण आणि वेळ दोन्ही मोजतो. मागे छापलेली मुदत संपली की बटण दाबल्यावर आवाज आला तरी फेकून द्या. ते बटण भोंगा तपासतं, सेन्सर नाही.

कामाचा क्रम हा माझा जुना हट्ट आहे. तोडफोड, भोकं, वायरिंग, प्लास्टर, टाइल्स, रंग आणि सगळ्यात शेवटी बॉयलर. घाईत आधी बसवलेला एक बॉयलर मी उघडला होता. पुढचा महिनाभर शेजारच्या खोलीत पुट्टी घासणं चालू होतं, आणि इकडे गरम पाणी हवं म्हणून बॉयलरही चालू. पंख्याच्या पात्यांवर पिठासारखा पांढरा थर, बर्नरची बारीक छिद्रं निम्मी बुजलेली. बॉयलर नवा कोरा, आणि ज्योत दहा वर्षं जुन्यासारखी. तो खोलीतली हवा घेणारा होता, पण बंद ज्वलनकक्षाचा असला तरी झाकण काढलेलं असताना धूळ आत जातेच.

गॅसऐवजी दुसरं काही ठरलं तर थोडक्यात सांगतो. विजेच्या बॉयलरला ना हवा लागते ना धुराडं, पण ९ किलोवॅटला २३० व्होल्टवर ३९ अँपिअर लागतात, म्हणजे खोलीआधी घराचं वीजजोड बघायचं. लाकडाच्या किंवा पेलेटच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्यांच्या) बॉयलरला मात्र ही खोली पुरणार नाही. समोर मीटरभराहून जास्त जागा, न पेटणारी जमीन, राखेसाठी झाकणाचा लोखंडी डबा. राखेत निखारा दिवसेंदिवस जिवंत राहतो. पेलेटचा साठा बंद कोठीत केला तर नुसत्या पडून राहिलेल्या पेलेटमधूनही कार्बन मोनॉक्साइड सुटतो. अशा कोठीत वारा खेळल्याशिवाय डोकावायचं नाही.

बसवून झाल्यावर बॉयलर चालू करायच्या दिवशी घरी थांबा. दारं-खिडक्या लावा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पूर्ण जोरात लावा, दहा मिनिटं बॉयलर चालू द्या आणि मग तपासणी करायला सांगा. खोलीतली हवा घेणारा असेल तर धुराची कांडी बॉयलरच्या वरच्या कडेशी धरल्यावर धूर आत ओढला गेला पाहिजे. तो तुमच्याकडे वळला तर त्या दिवशी बॉयलर बंदच राहील. बंद ज्वलनकक्षाचा असेल तर धुराच्या विश्लेषकाचे आकडे मॅन्युअलच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून घ्या. पुढच्या वर्षी येणाऱ्याला तुलना करायला तेच लागतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. वॉशिंग मशीन राहू द्या, बॉयलरच्या बरोबर खाली नाही, शेजारच्या भिंतीला. ड्रायर हलवा. रंग, थिनर, ब्लीच आणि केसांवर मारायचे फवारे बाहेर काढा, बॉयलर यायच्या आधीच. थिनरची वाफ पेटते हे सगळ्यांना माहीत असतं. ब्लीचचं फारसं कुणाला माहीत नसतं. क्लोरीनची वाफ ज्योतीपर्यंत पोचली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि ते हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाला) आतून कुरतडतं. बंद ज्वलनकक्षाचा बॉयलर हवा बाहेरून घेतो खरा, पण खोलीतले तांब्याचे पाइप आणि वॉल्व्ह त्याच वाफेत हिरवे पडतात.